परभणीच्या वाटेवर एक मुक्काम हवा

प्रति,
नागरी विमान वाहतूक मंत्रालय, मुंबई आणि नवी मुंबई विमानतळांचे चालक, रेल्वे मंडळ, मध्य रेल्वे, दक्षिण मध्य रेल्वेचा नांदेड विभाग, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, आणि परभणी जिल्ह्यातून निवडून गेलेले सर्व लोकप्रतिनिधी



मी परभणीची लेक. वसमत रोडवर लहानाची मोठी झाले, शिकले, कामासाठी देश सोडला आणि आता नवरा व दोन लेकरांसह न्यू जर्सीत राहते. माझ्या माहेरासारखी घरे परभणीत आता गल्लोगल्ली आहेत. कृषी विद्यापीठात शिकलेली मुले पुढच्या शिक्षणासाठी बाहेर गेली, संगणकाच्या कामाला गेली, आणि त्यांच्याही आधीपासून आमच्याकडची माणसे आखातात मजुरीला, ड्रायव्हिंगला, दुकानांत कामाला जात आली. या सगळ्यांची घरी परतण्याची वाट बहुतेक वेळा मुंबईवरूनच जाते. त्या वाटेबद्दल मला आपल्याशी बोलायचे आहे.

आपण सगळे वेगवेगळ्या खात्यांचे आहात. विमानतळाच्या दारापर्यंत एकाची जबाबदारी, सीएसएमटीपासून मनमाडपर्यंत दुसऱ्याची, मनमाड मागे पडले की तिसऱ्याची, समृद्धी महामार्गावर चौथ्याची. दमलेले लेकरू मात्र या सगळ्या हद्दी एका दमात ओलांडते, आणि त्या अख्ख्या प्रवासाचा विचार करणारे कोणीच नाही. म्हणून हे पत्र कोणा एकाला न लिहिता सगळ्यांना मिळून लिहिते आहे. माझी मागणी एवढीच: मुंबईत उतरल्यापासून परभणीच्या घरापर्यंत लहान मुलांना घेऊन थांबता येईल, त्यांना चार-सहा तास आडवे करता येईल अशा जागा करा, आणि जो मध्ये थांबतो त्याला तिकिटाचा भुर्दंड पडू देऊ नका.

न्यू जर्सीहून मुंबई साडेबारा हजार किलोमीटर. मुंबईहून परभणी लोहमार्गाने साडेपाचशे. पहिला टप्पा लांब असला तरी आखलेला आहे. विमानात बाळासाठी पाळणा मागता येतो, मधल्या विमानतळावर खेळायची जागा असते, कोणत्या वेळी काय खायला मिळेल ते ठाऊक असते. दुसरा टप्पा त्याच्या वीस-बावीस पटींनी लहान, तरी आमच्या ओळखीच्या प्रत्येक आईला धास्ती याच टप्प्याची असते.

जेटलॅग म्हणजे नुसता थकवा नव्हे, हे आधी सांगायला हवे. दोन्ही त्रास एकच समजले की उपाय चुकतो. थकवा पुरेशा झोपेने जातो. जेटलॅग हा शरीरातल्या घड्याळाचा घोळ असतो. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक बारीक पुंजका आहे, तो झोप, भूक, अंगाचे तापमान यांच्या वेळा ठरवतो. हे घड्याळ पेशीच्या आत कसे चालते ते शोधल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्रकाश आणि अंधार ही त्या घड्याळाची किल्ली. नव्या गावाच्या वेळेकडे ते साधारण दिवसाला तासभर सरकते. न्यू जर्सी आणि परभणी यांत हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणजे आठवडाभर तरी लेकराचे शरीर अमेरिकेच्याच वेळेने चालणार. हिवाळ्यात परभणीत दुपारचे दोन वाजतात तेव्हा त्याच्या शरीरात पहाटेचे साडेतीन असतात, आणि परभणीत मध्यरात्र होते तेव्हा त्याच्या शरीरात दुपारचा दीड. मोठा माणूस चहा-कॉफीवर, हट्टाने, लाजेकाजेने जागा राहू शकतो. तीन वर्षांचे पोर तसे करू शकत नाही, आणि आपल्याला काय होते आहे हे त्याला सांगताही येत नाही. ते फक्त रडते.

घरी पोचल्यानंतरचा जेटलॅग आम्ही निभावून नेतो. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. रात्री दोन वाजता नातू जेवायला मागतो, आजी उठून वरणभात लावते, आजोबा अंगणात फिरवून आणतात, शेजारच्या काकू सकाळी विचारतात की रात्री दिवा कशाला चालू होता. परभणीतली घरे आता याला सरावली आहेत. प्रश्न घरी पोचेपर्यंतचा आहे, कारण तिथे थकवा आणि घड्याळाचा घोळ हे दोन्ही एकमेकांवर चढतात. मध्ये थांबल्याने जेटलॅग बरा होत नाही, हे मला माहीत आहे. थांबल्याने थकवा उतरतो, आणि थकवा उतरलेले मूल उरलेला घोळ सोसू शकते. आम्हाला थांबायचे आहे ते एवढ्यासाठीच.

आता वाट बघा. परदेशातून येणारी पुष्कळ विमाने मुंबईत मध्यरात्र ते पहाट या वेळात उतरतात. पुढे देशातल्या विमानाने जायचे असले तरी बॅगा मुंबईतच ताब्यात घेऊन, कस्टममधून काढून, पुन्हा द्याव्या लागतात. हे सगळे उरकून बाहेर यायला तीन-साडेतीन वाजतात. मुले टक्क जागी, कारण त्यांची ती दुपार. आई-बाप मात्र अख्ख्या प्रवासात नीट झोपलेले नसतात.

बहुतेक घरे अशा वेळी परभणीहून गाडी सांगतात. आजोबा स्वतः गाडीबरोबर येतात, घरचे डबे घेऊन येतात, आणि त्या मायेला तोड नाही. पण गाडी चालवणाऱ्याचा दिवस मोजून पाहा. तो सकाळी परभणी सोडतो, संध्याकाळी मुंबईत पोचतो, पार्किंगमध्ये किंवा रस्त्याच्या कडेला गाडीतच वाट बघतो, विमानाला उशीर झाला तर आणखी वाट बघतो, आणि पहाटे तीनला परतीच्या पाचशे किलोमीटरवर निघतो. मागच्या सीटवर दोन लेकरे, पुढे म्हातारे आजोबा. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा, असे तो सांगत असे. पण पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या धंद्याला तो लागू नव्हता. एक गाडी, एक मालक आणि तोच ड्रायव्हर, असा आमच्याकडचा धंदा त्यातून पूर्ण सुटत असे. वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती २०२५ मध्ये ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली गेली. ते योग्यच झाले. मग ज्या कुटुंबाला विश्रांती घेतलेल्या वैमानिकाने सुखरूप उतरवले, त्याच कुटुंबाला पुढे न झोपलेल्या माणसाच्या हाती सोपवले जाते याकडे कोणाचे लक्ष आहे?

समृद्धी महामार्गाने आमचे अंतर कमी केले, ही गोष्ट मी मनापासून मान्य करते. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा भाग सुरू झाला, आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. परभणीकराला जालन्यापर्यंत त्याचा उपयोग होतो. जालना ते नांदेड जोडरस्ता झाला की परभणीही त्या जाळ्यात येईल. पण सरळ, एकसुरी, रिकाम्या रस्त्यावर रात्री डोळा लागतो, हे सगळे जाणतात. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसे गेली. त्या अपघाताची कारणमीमांसा मला करायची नाही, पण त्या रात्रीनंतर प्रत्येक घरातली आजी फोनवर पहिले वाक्य हेच बोलते, "रात्रीचे निघू नका रे बाबा." आजी सांगते ते खरे आहे. मग रात्री न निघता थांबायचे कुठे, हे तिला कोणी सांगत नाही.

महामार्गावर पेट्रोल पंप हवा, तशी मुक्कामाची जागाही हवी. सिन्नर, शिर्डी, संभाजीनगर यांच्या जवळपास, महामार्गावरून उतरून गावात न शिरता, कुटुंबाला सहा तासांसाठी खोली मिळेल अशी सोय रस्ते महामंडळाने करावी. खोलीला जाड पडदे हवेत, कारण दिवसा झोपणाऱ्या मुलाला अंधार लागतो. ड्रायव्हरसाठी वेगळी, स्वच्छ, फुकट झोपायची जागा हवी. ही दुसरी मागणी मी पहिलीपेक्षाही वर ठेवते. ड्रायव्हर गाडीतच पाय मुडपून झोपतो आणि आपण त्याला विश्रांती म्हणतो, हे थांबले पाहिजे. हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजण्यासाठीची खोली, ही कल्पना महाराष्ट्राने एसटीच्या स्थानकांवर रुजवली. तोच कक्ष महामार्गाच्या प्रत्येक थांब्यावर असावा, आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे हे शोधत फिरावे लागू नये.

आता रेल्वेबद्दल. परभणीचा खरा आधार रेल्वेच आहे. सकाळची तपोवन, दुपारनंतरची नंदीग्राम, रात्रीची देवगिरी, या गाड्यांची नावे आमच्या घरांत नातेवाइकांसारखी घेतली जातात. डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून सुरू झालेली वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून नांदेडपर्यंत जाते आणि परभणीला थांबते. त्यात मुंबईची तिसरी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. विमानतळाच्या टी-२ पासून थेट सीएसएमटीपर्यंत आता एकाच गाडीने जाता येते. हे सगळे सुटे सुटे झाले असले तरी नीट जोडले तर परभणीच्या कुटुंबासाठी चांगली वाट तयार होते. पहाटे उतरायचे, विमानतळाजवळ काही तास थांबायचे, दुपारी एकच्या सुमाराची वंदे भारत धरायची, रात्री दहाच्या सुमारास परभणी. मुलांची ती रात्र असते, ती गाडीत झोपून येतील. रात्रीच्या देवगिरीत याच्या उलट होते. साडेनऊला गाडी सुटते तेव्हा हिवाळ्यात मुलाच्या शरीरात सकाळचे अकरा वाजलेले असतात. डबा दिवे मालवून झोपतो आणि आमचे पोर कल्याणपासून संभाजीनगरपर्यंत खेळायला मागते. समोरच्या बर्थवरचे आजोबा कूस बदलतात, आई त्याला कुशीत दाबून गप्प करते, कधी दोन डब्यांच्या मधल्या दाराशी उभी राहून रात्र काढते.

पण ही चांगली वाटही एका गोष्टीवर अडते. पहाटे तीन ते दुपारी एक, हे दहा तास कुठे काढायचे? विमानतळाजवळची बहुतेक हॉटेले दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंतचे भाडे लावतात. पहाटे तीनला येणाऱ्याला त्यामुळे आदल्या दिवसाचेही पैसे भरावे लागतात. मेट्रो तेवढ्या पहाटे सुरू नसते. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ मध्ये पॉड हॉटेल सुरू झाले. उद्घाटन तेव्हाचे रेल्वे राज्यमंत्री रावसाहेब दानवे यांनी केले होते, ते आपल्याच मराठवाड्यातले, जालन्याचे. पुढे सीएसएमटीलाही तशी सोय झाली. एकट्या माणसाला ती फार उपयोगी आहे. चौघांच्या कुटुंबासाठीचे पॉड मात्र मोजकेच ठेवले गेले. एका वर्षाचे बाळ पेटीएवढ्या जागेत एकटे झोपू शकत नाही. सीएसएमटी आणि दादर या दोन स्थानकांत तासांच्या भाड्याने मिळणाऱ्या कुटुंबाच्या खोल्या वाढवा आणि त्या परदेशी विमानाच्या तिकिटावर आधी नोंदवता येऊ द्या. विमानतळाच्या चालकांनीही कस्टमच्या दारानंतर, बाहेर पडण्याआधी, अशाच खोल्या ठेवाव्यात. अंधार, स्वच्छ गादी, गरम पाणी, बाळाची दुधाची बाटली धुवायला जागा, एवढे पुरे. त्यात चैनीचे काही नाही.

आता त्या नियमाबद्दल, ज्यासाठी मी खरे तर हे पत्र लिहायला बसले. रेल्वेच्या भाडेनियमांत 'ब्रेक जर्नी'ची सवलत आहे. लांबच्या तिकिटावर मधल्या स्थानकात उतरून, एक-दोन दिवस थांबून, त्याच तिकिटावर पुढे जाता येते. जुन्या काळी आमचे आजोबा-पणजोबा याच सवलतीवर तीर्थयात्रा करत. पण नियमाची अट अशी आहे की तिकीट ५०० किलोमीटरपेक्षा जास्त अंतराचे हवे आणि पहिला थांबा ५०० किलोमीटर झाल्यानंतरच घेता येईल. सीएसएमटी ते परभणी साडेपाचशेच्या आसपास. पाचशे पुरे होतात तेव्हा गाडी सेलूजवळ आलेली असते. म्हणजे परभणी जिल्हा लागल्यावर थांबायची मुभा मिळते. नाशिक रोडला, मनमाडला, संभाजीनगरला, जिथे दमलेले मूल खरोखर उतरवावेसे वाटते, तिथे उतरलो तर पुढचे तिकीट वाया जाते. रेल्वे मंडळाला माझी विनंती आहे: पाच वर्षांखालच्या मुलांसह प्रवास करणाऱ्यांसाठी, साठीच्या पुढच्या ज्येष्ठांसाठी आणि रुग्णांसाठी ही अट २०० किलोमीटरच्या खाली आणा, आणि ती ऑनलाइन काढलेल्या तिकिटालाही लागू करा. मंडळाला यासाठी नवी गाडी लागत नाही, नवा रूळ लागत नाही. एका परिपत्रकाचे काम आहे.

दुसरी गोष्ट बर्थची. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, त्यामुळे त्याला बर्थही नसतो. ते आईच्या बर्थवर झोपते. दोन फुटांच्या त्या फळीवर आई कुशीवर वळून, एक हात बाहेर टाकून, पोर खाली पडू नये म्हणून रात्रभर राखण करते. ज्या बाईने हे केले आहे तिला वेगळे समजवावे लागत नाही. मे २०२२ मध्ये मातृदिनाच्या सुमारास उत्तर रेल्वेने लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेला बाळाचा बर्थ प्रयोग म्हणून बसवला होता. नको तेव्हा खाली मिटवून ठेवायचा आणि बाळ पडू नये म्हणून कडेला अडसर, अशी त्याची रचना. लखनौच्या बाळाला मिळाले ते परभणीच्या बाळाला का मिळू नये? देवगिरी आणि नंदीग्रामच्या प्रत्येकी एका डब्यात असे चार बर्थ बसवा.

आणि परभणी जंक्शन. अमृत भारत योजनेत या मार्गावरच्या स्थानकांची कामे निघाली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. आमच्या पिढीने क्रॉसिंगसाठी एखाद्या आडगावच्या स्थानकात उभ्या गाडीत काढलेले तास आता कमी होतील. त्याचा आनंद आहे. पण भिंती उभ्या राहायच्या आत एक खोली आखून घ्या. परभणीला उतरणारा प्रत्येक जण परभणीतच थांबत नाही. त्याला जिंतूरला, पालमला, सोनपेठला, गंगाखेडला जायचे असते. रात्री उतरलेल्या कुटुंबाला सकाळची पहिली एसटी मिळेपर्यंत मुलांना झोपवायला जागा हवी. ती खोली फलाटावरच असावी. जिना चढून वर असेल तर बॅगा आणि झोपलेले मूल घेऊन तिथे कोणी जाणार नाही.

परदेशातली सोय कशी असते हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही, ते आपल्याला करता येण्यासारखे आहे म्हणून सांगते. आइसलँडची विमान कंपनी अटलांटिक ओलांडणाऱ्यांना वाटेत आपल्या देशात सात रात्रींपर्यंत थांबू देते आणि विमानभाडे वाढवत नाही. छोट्याशा देशाने आपल्या पर्यटनाला त्यातून बळ दिले. अबुधाबीची कंपनी थांबणाऱ्याला हॉटेलही देते. अमेरिकेहून येताना युरोपात एक रात्र काढली तर वेळेचा फरक जवळपास निम्म्यावर वाटला जातो, आणि लहान मुलांसाठी माझ्या मते तीच सर्वांत शहाणपणाची वाट. "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणत मोठे झालेले आम्ही फ्रँकफर्टला उतरतो तेव्हा मुलांना हे कौतुकाने सांगतो. पण विमानतळाबाहेर पडून झोपायचे तर भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. माझ्यासारख्या कितीतरी घरांत मुलांचा पासपोर्ट अमेरिकेचा आणि आई-बापांचा भारताचा. मुले बाहेर जाऊ शकतात, आई जाऊ शकत नाही. मग सगळेच विमानतळाच्या खुर्च्यांवर बसून राहतात. व्हिसा, त्याची फी, हॉटेल, चौघांचे जेवण, हे सगळे ज्यांना परवडते त्यांचा प्रश्न सुटतो. बाकीच्यांना मायदेशातच थांबायची जागा हवी आहे.

कोणी म्हणेल, हैदराबादवरून या. आम्ही येतोही. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. आमच्या आधीच्या पिढीला राजधानी म्हणजे हैदराबादच. आमचा नांदेड विभागही सिकंदराबादच्याच मुख्यालयाखाली आहे. हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर उतरून परभणीचे अंतर मुंबईपेक्षा बरेच कमी पडते. पण तिथेही प्रश्न तोच. विमानतळ शहराच्या एका टोकाला, रेल्वे दुसरीकडे, आणि मधले तास कुठे काढायचे ते ठरलेले नाही. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून हजच्या हंगामात यात्रेकरूंची विमाने थेट गेली आहेत. म्हणजे इमिग्रेशन आणि कस्टमची मांडणी तिथे करता येते, ती केली गेली आहे. दिवाळीच्या आणि डिसेंबरच्या सुटीत, जेव्हा परदेशातली मराठवाड्याची घरे एकदम परततात, तेव्हा निदान आखातातून आठवड्याला एखादे विमान तिथे उतरवायचा विचार विमान मंत्रालयाने करावा. त्याने अमेरिकेचे लेकरू मुंबईचा सगळा फेरा चुकवून घरापासून पावणेदोनशे किलोमीटरवर उतरेल.

या पत्राला एक उत्तर येईल ते मला आधीच ऐकू येते. परदेशात कमावणाऱ्यांचे लाड सरकारने का करावेत? म्हणून याच वाटेवरच्या बाकीच्या लोकांची आठवण करून द्यायची आहे. परळच्या टाटा रुग्णालयातून केमोथेरपी घेऊन परतणारा रुग्ण याच देवगिरीने येतो. त्याला उलटी होते, त्याला आडवे व्हायचे असते, त्यालाही नाशिक रोडला एक रात्र उतरायची मुभा हवी असते. दोन-तीन वर्षांनी रियाधहून, दुबईहून सुटीवर येणारा परभणीचा, पाथरीचा तरुण याच पहाटे मुंबईत उतरतो आणि गाडीच्या वेळेपर्यंत फलाटावर वर्तमानपत्र अंथरून बॅगेवर डोके ठेवतो. उमराहून परतणारे सत्तरीचे जोडपे याच फलाटावर बसलेले असते. माझ्याकडे निदान हॉटेलचे पैसे असतात. त्यांच्याकडे पर्याय नसतो. लेकरासाठी केलेली अंधारी खोली, पाळणा, वाटेत उतरायची मुभा, हे सगळे त्यांच्याही कामी येईल. किंबहुना त्यांच्यासाठी आधी करा, आम्ही त्यांच्या मागून रांगेत उभे राहू.

आमच्या जिल्ह्याला प्रवास कसा आखावा हे शिकवावे लागत नाही. शेगावची गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाताना परभणी, गंगाखेडवरून जाते. किती चालायचे हे तिथे मुक्कामावरून ठरते. पाणी कुठे, सावली कुठे, रात्री पाठ टेकायला शाळा कोणती, जेवण कोणत्या गावाकडून, हे आधी पक्के होते आणि मग पावले निघतात. त्यामुळे त्यात ऐंशीची म्हातारी चालते आणि कडेवरचे पोरही जाते. आपल्या खात्यांच्या योजना वाचल्या की दिसतात ते ताशी किलोमीटर, वाचलेली मिनिटे, कोटींचे आकडे. मुक्कामाचा रकाना त्यात मला सापडलेला नाही. तो घाला.

हे सारे एकदम होणार नाही, हे समजते. म्हणून क्रम सुचवते. ब्रेक जर्नीची अट बदलणे सर्वांत आधी, कारण त्याला वेळही लागत नाही आणि पैसाही. त्यानंतर देवगिरीच्या एका डब्यात बाळाचे चार बर्थ. परभणीच्या नव्या इमारतीत फलाटावरची खोली, काम चालू आहे तोवरच. महामार्गावर ड्रायव्हरांची झोपण्याची जागा, पुढच्या दिवाळीआधी. विमानतळ, हॉटेले आणि विमानांचे वेळापत्रक यांना चर्चा लागेल, बैठका लागतील. त्या बैठकांत एखादी आई बसवा. खोली कशी असावी, पाळणा कुठे असावा, किती वाजता गरम पाणी लागते, हे ती कागद न बघता सांगेल. मी सुटीवर परभणीत असेन तेव्हा नांदेडला विभागीय कार्यालयात यायला तयार आहे, आणि माझ्यासारख्या आणखी कितीतरी जणी येतील. परभणीच्या लोकप्रतिनिधींनी ही भेट घडवून आणावी, एवढे त्यांच्याकडे मागते.

आपली,
परभणीची एक लेक